पाणकावळा कोणता? आधी चोच बघा

दूरच्या खुंटावर पंख वाळवत बसलेले काळे पाणकावळे सगळे सारखेच वाटतात. आकारावरून ठरवायला जाऊ नका. एकटा पक्षी असला की अंदाज हमखास चुकतो. दुर्बीण थेट चोचीवर लावा.

१. चोच आखूड नि जाडसर, डोके गोलसर, मान तोकडी: छोटा पाणकावळा.
२. चोच लांब, सडपातळ, टोकाला आकडी. डोळा निळसर-हिरवा, पाठीच्या पिसांवर खवल्यांसारखी नक्षी: भारतीय पाणकावळा. फसवतो तो हाच, त्यामुळे डोळ्याचा रंग दिसेपर्यंत थांबावे.
३. चोच दणकट, चोचीच्या बुडाशी पिवळी कातडी आणि तिच्या कडेने पांढरा पट्टा: मोठा पाणकावळा. हा बदकापेक्षाही थोराड दिसतो, फारसा घोळ होत नाही.

उडताना छोट्याची शेपटी शरीराच्या मानाने लांब दिसते, तेवढेही पुरते.

मात्र मोठ्याचा तो पट्टा सोडला तर बाकी पांढऱ्या खुणांवर विसंबू नका. विणीच्या काळात तिघांच्याही डोक्या-मानेवर कमी-जास्त पांढरी पिसे येतात, नंतर गळतात. छोट्याची हनुवटी तर एरवीच पांढुरकी असते. तपकिरी पिल्लांनाही चोचीचीच कसोटी लावा.