ब्रॉडबँडचं जुनं कनेक्शन नव्या ग्राहकाच्या भावात कसं मिळवावं

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटला मागच्या महिन्यात एक पत्रक अडकवलेलं दिसलं: १०० एमबीपीएस, महिना ४९९ रुपये. कंपनी तीच, स्पीड तोच, आणि मी चार वर्षं ६९९ भरतोय! फोन केला तर म्हणे, "सर, ती ऑफर नवीन कस्टमरसाठी आहे." नवं गिऱ्हाईक ओढायला सवलत लागते, जुनं आळसावर टिकतं.

आधी हिशेब करा. पत्रकावरच्या भावात बहुतेकदा १८ टक्के जीएसटी नसतो. ४९९ चे ५८९ होतात, ६९९ चे ८२५. म्हणजे फरक वर्षाला २,८३२ रुपयांचा. मग बारीक अक्षरं वाचा. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरायचे आहेत का? राउटरचं डिपॉझिट किती? ऑफर संपल्यावर दर काय? तुमच्या प्लॅनमध्ये ओटीटी असेल आणि त्यात नसेल, तर तुलना तिथेच फसते.

आता बिल्डिंगमध्ये आणखी कुणाची फायबर आलीय ते बघा. जिन्यातल्या डब्या मोजा, नाहीतर वॉचमनला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं. त्या कंपनीचा दर लिहून घ्या. शेजाऱ्याला मात्र दर विचारू नका. लाइन गेली की माणूस किती दिवसांनी येतो ते विचारा. पावसाळ्यात फांदी पडून केबल तुटली की स्वस्ताईची खरी किंमत कळते.

फोन करायचा तो प्लॅन संपायच्या आठ-दहा दिवस आधी. एकदा रिचार्ज झाला की तुमच्या हातात काही उरत नाही, म्हणून ऑटो-पे आधीच बंद करा. पहिल्या माणसाशी वाद घालू नका, दर कमी करणं त्याच्या हातात नसतं. शांतपणे म्हणा, "कनेक्शन बंद करायचंय, दुसरीकडे ४९९ मध्ये मिळतंय." बहुधा फोन दुसऱ्या टेबलावर जातो. तिथे आधी स्पीड वाढवून देतो म्हणतील, मग वर्षाच्या पैशांत एक महिना फुकट. ६९९ च्या प्लॅनवर तेरावा महिना फुकट मिळाला तरी महिना ७६१ रुपये पडतो, ५८९ नाही. नको म्हणा. ठरेल तो दर एसएमएसवर किंवा ईमेलवर आल्याशिवाय पैसे भरू नका. लाइन गल्लीतल्या केबलवाल्यामार्फत असेल तर सरळ त्याच्याकडे जा, समोरासमोर लवकर जमतं.

नाहीच जमलं तर बदला, पण नवी लाइन सुरू झाल्यावरच जुनी बंद करा. नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड द्या. टीव्ही, कॅमेरे बहुतेक आपोआप जोडले जातात. कंपनीचा राउटर परत देताना सिरियल नंबरचा फोटो काढा आणि पावती घ्या. डिपॉझिट अडलं तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मला ४९९ काही मिळाले नाहीत. दोन फोन आणि एका गोड भांडणानंतर ५४९ वर तोडगा निघाला, तोही एका वर्षापुरता. प्लॅन संपायच्या दहा दिवस आधीचा अलार्म त्याच दिवशी लावून ठेवलाय.