बेडरूम लावताना या चुका टाळा: आधी पलंग, रंग शेवटी

बेडरूमचं काम बहुतेक घरांत शेडकार्डापासून सुरू होतं. खरं तर सुरुवात पलंगापासून करावी. खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू तीच, आणि एकदा ठेवली की सहसा हलत नाही.

फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली घ्या. पाच बाय साडेसहा फुटांची गादी, म्हणजे चौकटीसकट पलंग साधारण ६३ बाय ८२ इंच. कपाट २४ इंच खोल. पलंगाचा पायथा कपाटाकडे करून तो दहा फुटांच्या बाजूने लावला, तर १२० मधून २४ आणि ८२ गेले, उरले १४ इंच. कपाटाचं १८ इंची दार पूर्ण उघडणारच नाही; खालचा ड्रॉवर विसराच. तोच पलंग-कपाट अकरा फुटांच्या बाजूने लावा, २६ इंच सुटतात. ऐसपैस नाही, पण दार उघडतं. सरकत्या दारांनी जागा वाचते हे अर्धंच खरं: दारं एकामागे एक असल्यामुळे कपाट २६-२७ इंच खोल होतं आणि एका वेळी अर्धंच उघडतं.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी फरशीवर मास्किंग टेपने पलंग, कपाट आणि दारांची झेप आखून दोन दिवस त्यातून वावरा. मापं बिल्डरच्या नकाशावरून घेऊ नका. भिंती सरळ नसतात. खाली, कमरेला आणि वर असं तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा.

वायरमन याच्यानंतर. उलटं झालं की बोर्ड नेमका हेडबोर्डमागे जातो आणि पुढची दहा वर्षं पलंगाखालून एक्स्टेन्शन वायर फिरते. उशाजवळचा बोर्ड पलंगाच्या कडेपासून ४ ते ६ इंच बाहेर, जमिनीपासून २६-२८ इंचांवर घ्या. पंख्याचा आणि दिव्याचा स्विच दाराशी आणि उशाशी, दोन्हीकडे हवा. फॉल्स सीलिंगचे दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आले, तर खोलीभर सावल्या लपलपत राहतात. ४८ इंची पंख्याच्या मध्यापासून दिवे किमान अडीच फूट लांब ठेवा.

पडद्यांचं थोडक्यात: रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच जास्त, कापड रुंदीच्या दुप्पट. कपाट खिडकीला चिकटवलंत तर पडदा गोळा करायला जागाच उरत नाही.

आता ओल. बाथरूमच्या भिंतीला किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. पावसाळ्यात मागच्या प्लायला बुरशी धरते. दुसरी जागाच नसेल तर मागे दोन इंच हवा खेळू द्या. भिंतीबद्दल शंका असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल आतून आहे. अशा भिंतीवर पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी गळती काढा, भिंत सुकू द्या, नाहीतर पहिल्याच पावसात फुगे येऊन पोपडे सुटतील.

राहिला रंग. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात पसंत केलेली क्रीम शेड घरी ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली आणखी पिवळी दिसते. छोटा डबा आणून दोन वेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे ठिपके, दोन हात देऊन, मारा. सकाळी बघा आणि रात्री खोलीतलाच दिवा लावून बघा.