रिसेप्टर प्रोटीनची व्हायल उघडताय? या चुका टाळा

"मॅडम, व्हायल रिकामीच आलीय." नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये एका विद्यार्थिनीने हे सांगितलं तेव्हा ती रडायच्या बेतात होती. लेबलवर ५० मायक्रोग्रॅम रिसेप्टर प्रोटीन (पेशीवर बसून बाहेरचे संदेश पकडणारं प्रोटीन), आत बघावं तर काहीच नाही. अहो, एवढीशी पावडर डोळ्यांना दिसतच नाही. प्रवासात ती झाकणाला चिकटते. व्हायल हातात आली की आधी सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून सगळं तळाशी आणणाऱ्या यंत्रात) अर्धा मिनिट फिरवा, मगच उघडा. त्या दिवशी आम्ही झाकणाची आतली बाजू पावडर विरघळवायच्या बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुऊन घेतली.

बफर कोणता, किती, हे सोबतच्या कागदावर असतं. मनाचं घालू नका. ५० मायक्रोग्रॅममध्ये २५० मायक्रोलिटर घातलं की मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम होतात. कडेने सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, हलकेच फिरवा. व्होर्टेक्सवर (जोरजोरात हलवणाऱ्या यंत्रावर) अजिबात धरू नका. फेस झाला की प्रोटीनची घडी मोडते, आणि घडी मोडलेला रिसेप्टर आपल्या लिगँडला (त्याला येऊन जोडल्या जाणाऱ्या रेणूला) ओळखत नाही.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, पार्सल शनिवारी येतं आणि सोमवारपर्यंत कुरियरच्या ऑफिसात पडून राहतं. कोरडी पावडर थोडी ऊब सोसते, द्रावण सोसत नाही. म्हणून द्रावण मागवताना माल सोमवारीच निघेल असं बोलून घ्या. विरघळवलेलं प्रोटीन लगेच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची. बर्फ न साचणारा घरगुती फ्रीझर नको, तो अधूनमधून स्वतःच गरम होतो. आणि लाईट गेली की फ्रीझरचं दार उघडून बघायचा मोह आवरा.

पातळ द्रावणातलं प्रोटीन प्लास्टिकला चिकटून कमी होतं, म्हणून ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घालतात. पण पुढे रिसेप्टरला बायोटिन (नंतर पकडता यावं म्हणून लावायची रासायनिक खूण) लावायचं असेल तर बीएसए नको, ट्रिस बफरही नको. दोन्हींतले अमीन गटच (बायोटिन ज्यांना जोडतात ते नायट्रोजनचे गट) बायोटिन खाऊन टाकतात.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो मात्र न वाचलेल्या लेबलपायी. व्हायलमध्ये बहुधा अख्खा रिसेप्टर नसतो, पेशीबाहेरचा भागच असतो. पीडी-एल१ (पीडी-१ रिसेप्टरचा लिगँड, पण तोही पेशीवरच बसलेला असतो) चा हा भाग हिशोबाने साधारण २५ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप), पण एचईके२९३ या मानवी पेशींत बनवलेला जेलवर (प्रोटीन वजनानुसार वेगळी करणाऱ्या पट्टीवर) त्याच्या बराच वर दिसतो. "चुकीचा माल पाठवला" म्हणून तक्रार करण्याआधी पीएनगेज एफ हे एन्झाइम देऊन बघा; प्रोटीनला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या सुटल्या की बँड (जेलवरचा पट्टा) खाली येतो. ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्यावर या साखळ्या नसतात, शिवाय एंडोटॉक्सिन (जिवाणूचं विष) असू शकतं. पेशींवर घालायचं असेल तर तो आकडा आधी विचारा.

एफसी टॅगचा (रिसेप्टरला जोडलेल्या अँटिबॉडीच्या शेपटीचा) घोळ वेगळाच. आमच्या एलायझात (रंगावरून प्रोटीन ओळखणाऱ्या चाचणीत) प्राथमिक अँटिबॉडी (रिसेप्टरला ओळखणारी) न घातलेल्या वेल्सही (प्लेटमधले खळगे) पिवळ्याधमक आल्या. दोन आठवडे आम्ही धुण्याला दोष देत बसलो. दुसरी, म्हणजे पहिलीला धरून रंग देणारी, अँटिबॉडी मानवी आयजीजीविरुद्धची (माणसाच्या रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीविरुद्धची) होती आणि ती थेट रिसेप्टरच्या मानवी एफसीलाच धरत होती. हिस टॅगचा (हिस्टिडीनची छोटी साखळी लावलेला) रिसेप्टर घेतला, आणि त्या वेल्स पांढऱ्या राहिल्या.