लाइट आली, पण कॅमेरे ऑफलाइनच? या क्रमाने तपासा

गेल्या वळवाच्या पावसात गावाकडच्या घरी रात्री नऊला लाइट गेली ती साडेअकराला आली. अण्णांनी लगेच फोन केला, ‘लाइट आली रे, पंखा फिरतोय, झोप आता.’ पण पुण्यात माझ्या मोबाइलवर चारही कॅमेऱ्यांच्या चौकटी काळ्या आणि प्रत्येकीवर ‘ऑफलाइन’. अण्णा पंच्याहत्तरीचे, घरात एकटे. कॅमेरे लावले तेच मुळी त्यांच्यासाठी. त्या रात्री फोनवर बोलत बोलत आम्ही दोघांनी ते परत सुरू केले आणि तेव्हापासून नातेवाइकांपैकी कुणाचेही कॅमेरे बंद पडले की फोन मला येतो. एवढ्या अनुभवानंतर खात्रीने सांगतो, लाइट गेल्यावर ऑफलाइन झालेले बहुतेक कॅमेरे बिघडलेले नसतात. ते चुकीच्या क्रमाने सुरू झालेले असतात.

लाइट येते तेव्हा घरातलं सगळं एकाच क्षणी चालू होतं, पण तयार व्हायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. वाय-फाय कॅमेरा अर्ध्या-एक मिनिटात जागा होतो आणि वाय-फाय शोधायला लागतो. राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. नेट यायला मात्र आधी फायबरच्या लाइनवर सिग्नल यावा लागतो, आणि नेटवाल्याची यंत्रणा तुमच्याच गावात असेल तर तिथली लाइट येऊन ती सुरू झाल्याशिवाय हा सिग्नल येत नाही. चांगला कॅमेरा राउटर सापडेपर्यंत प्रयत्न करत राहतो. काही कॅमेरे थोडा वेळ शोधतात आणि मग तिथेच अडकून बसतात. राउटर नंतर व्यवस्थित सुरू झाला तरी त्यांना पत्ता नसतो.

म्हणून पहिली गोष्ट: दहा मिनिटं थांबा. रिसेटच्या भोकात पिन घालू नका, ॲप काढून परत टाकू नका. लाइट आल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती अनेकदा पुन्हा जाते-येते, व्होल्टेजही वर-खाली होतं. त्या गोंधळात काही करण्यात अर्थ नाही.

थांबल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा. सगळेच कॅमेरे गेलेत की एखादाच? सगळे गेले असतील तर दोष बहुतेक इंटरनेट, राउटर, रेकॉर्डर किंवा सगळ्या कॅमेऱ्यांना वीज देणारी एकच पेटी यांपैकी कशात तरी आहे, एकेका कॅमेऱ्याकडे बघूच नका. एकच गेला असेल तर तो कॅमेरा, त्याची वायर किंवा त्याचा अडॉप्टर. घरी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर) आणि त्याला जोडलेला टीव्ही असेल तर तिथे चित्र दिसतंय का हे कुणाला तरी बघायला सांगा. टीव्हीवर चित्र आहे पण मोबाइलवर नाही, म्हणजे अडकलंय ते फक्त नेट. डिस्क आणि तारीख ठीक असेल तर रेकॉर्डिंग चालूच असतं. हे कळलं की अर्धी धडधड कमी होते.

पायरी १: राउटरचे दिवे वाचा

फायबरच्या डब्यावर साधारण चार-पाच बारीक दिवे असतात. त्यातले ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) हे दोन महत्त्वाचे. पॉन स्थिर हिरवा असेल तर लाइनवर सिग्नल आहे. पॉन लुकलुकत असेल तर जोडणी अजून चालू आहे, थोडं थांबा. लॉस लाल लुकलुकत असेल तर लाइनमध्ये प्रकाशच येत नाहीये.

अण्णांना इंग्रजी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत. त्यांना मी विचारलं, ‘अण्णा, डावीकडून मोजा. कितवा दिवा लाल आहे?’ ते म्हणाले, ‘तिसरा. उघडझाप करतोय.’ मग मी त्यांना डब्याच्या मागची बारीक वायर बघायला सांगितली. कपाट सरकवताना ती कपाटामागे कोपऱ्यात घट्ट मुडपली होती. त्यांनी कपाट वीतभर पुढे ओढलं, वायर मोकळी केली आणि दिवा विझला. फायबर आतून काचेचं असतं. जास्त वाकलं की प्रकाश पुढे जात नाही. वायर मोकळी असूनही लाल दिवा राहिला तर घरात करण्यासारखं काही उरत नाही, नेटवाल्याला फोन करा.

पॉन ठीक आहे पण इंटरनेटचा दिवा लागत नाही, असं असेल तर राउटर बटणावरून बंद करा, पूर्ण एक मिनिट थांबा आणि मग चालू करा.

पायरी २: सगळं बंद करून क्रमाने चालू करा

नुसत्या या पायरीने बहुतेक घरांचं काम होतं, म्हणून ती घाई न करता करा.

राउटर, डीव्हीआर किंवा एनव्हीआर (नेटवर्कवरून चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि कॅमेऱ्यांचा सप्लाय हे सगळं बोर्डावरून बंद करा. मग फक्त राउटर लावा. मोबाइलचा डेटा बंद करून घरच्या वाय-फायवर एखादं पान उघडून बघा. पान उघडलं की मगच पुढे जा. आता रेकॉर्डर लावा, तो पूर्ण सुरू होऊन टीव्हीवर पडदा येईपर्यंत थांबा. नेटवर्क वायरवरूनच वीज घेणारे पीओई कॅमेरे असतील तर त्यांचा स्विच रेकॉर्डरच्या आधी लावा. शेवटी कॅमेऱ्यांचा सप्लाय. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: एकच कॅमेरा हटून बसला असेल तर

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण लोक थेट कॅमेराच बदलायला निघतात. आधी वीज पोहोचतेय का ते बघा. अंधारात कॅमेऱ्याच्या काचेभोवतीचे इन्फ्रारेड दिवे बहुतेकदा मंद लालसर दिसतात. डोळ्यांना दिसले नाहीत तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, त्यात ते पांढरट किंवा जांभळे दिसतात. दिवे आहेत म्हणजे वीज येतेय, दोष चित्राच्या केबलमध्ये, तिच्या टोकाच्या धातूच्या गोल बीएनसी जोडात किंवा नेटवर्कमध्ये आहे. दिवे नाहीत तर डीसी पिन (कॅमेऱ्याला वीज देणारी गोल पिन) काढून घट्ट बसवा. पावसाळ्यात या पिनवर हिरवट गंज चढतो.

लाइट गेल्या-आल्यावर सगळ्यांत आधी मार खातो तो अडॉप्टर. बहुतेकदा तो पूर्ण मरत नाही, अशक्त होतो. याची खूण अशी की कॅमेरा दिवसभर छान चालतो आणि संध्याकाळी अंधार पडला की बंद पडतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि अशक्त अडॉप्टरला तो भार झेपत नाही. मामांच्या घरी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं असंच व्हायचं. ते दोन महिने म्हणत होते, ‘कॅमेरा रात्रीचा झोपतो.’ वायरमनने मल्टिमीटर लावला तेव्हा १२ व्होल्टच्या जागी रात्री जेमतेम ९ येत होते. नवा अडॉप्टर लावला आणि प्रश्न मिटला. अडॉप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला ९ किंवा २४ व्होल्टचा हाताशी आहे म्हणून लावू नका.

सगळे कॅमेरे एका एसएमपीएसच्या पेटीवर (सगळ्यांना एकत्र वीज देणारी पेटी) असतील, एकदम गेले असतील आणि नेट, रेकॉर्डर ठीक असतील, तर दोष बहुधा त्या पेटीत. तिच्यात २३० व्होल्टचं कनेक्शन असतं. ती उघडायचं काम वायरमनचं, घरच्या माणसाने झाकण काढू नये.

पायरी ४: पत्ता बदलला का?

राउटर घरातल्या नेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो, जसं १९२.१६८.१.५. राउटर बंद होऊन चालू झाला की हे वाटप नव्याने होऊ शकतं. काल ५ नंबर असलेला कॅमेरा आज ९ नंबर होतो, पण एनव्हीआर त्याला ५ वरच शोधत राहतो आणि ‘ऑफलाइन’ म्हणतो. कधी उलटंही होतं. बसवणाऱ्याने कॅमेऱ्यात ५ नंबर पक्का करून ठेवलेला असतो आणि लाइट आल्यावर राउटर तोच नंबर एखाद्या मोबाइलला देऊन टाकतो. मग दोघं भांडतात, कॅमेरा कधी दिसतो कधी नाही.

यावर कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या) विभागात कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्याला (उपकरणाचा कारखान्यातच ठरलेला नंबर) एक आयपी राखून ठेवायचा. कॅमेऱ्याचा आणि एनव्हीआरचा, दोघांचाही. हे एकदा करा, सगळे नंबर कागदावर लिहा. पुढच्या माणसाला तो कागद सोन्यासारखा वाटेल.

बाहेरून बघण्यासाठी ॲपऐवजी थेट आयपी टाकून, पोर्ट फॉरवर्डिंग करून (म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून थेट रेकॉर्डरकडे पाठवून) बघणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांचा बाहेरचा आयपी राउटर नव्याने जोडला गेल्यावर बऱ्याचदा बदलतो, म्हणून लाइट गेली की त्यांचं दिसणं बंद होतं. कंपनीच्या ॲपमधून क्यूआर कोडने जोडणी करा. उघडं पोर्ट सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईटच.

पायरी ५: तारीख बघा

ही गोष्ट कुणी तपासत नाही आणि मला तिची सगळ्यांत जास्त काळजी वाटते. डीव्हीआरच्या आत बहुधा सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. लाइट नसताना घड्याळ तो चालवतो. चार-पाच वर्षांनी तो संपतो आणि मग प्रत्येक वेळी लाइट गेली की डीव्हीआरची तारीख कित्येक वर्षं मागे, २००० किंवा १९७० सालात जाते. चित्र दिसत राहतं म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. चोरी झाल्यावर पोलिसांना परवा रात्रीचं फुटेज द्यायला जाल तेव्हा परवाची रात्र सापडणारच नाही. शिवाय तारीख इतकी चुकली की ॲपच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीही काही वेळा होत नाही आणि सगळं नीट असून डीव्हीआर ऑफलाइन राहतो.

सेटिंगमध्ये टाइम झोन जीएमटी +५:३० ठेवा आणि एनटीपी (नेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू करा, म्हणजे नेट आलं की वेळ आपोआप दुरुस्त होईल. सेल बदलायचा असेल तर डीव्हीआरचा प्लग काढूनच. तो सेल सोल्डर केलेला असेल तर दुकानात न्या.

तारखेबरोबर कालचं रेकॉर्डिंग लावून बघा. लिहिता लिहिता वीज गेली की हार्डडिस्क आणि मेमरी कार्ड दोन्ही बिघडू शकतात. डीव्हीआर पीप-पीप करत असेल तर आवाज बंद करून सोडून देऊ नका, तो बहुतेक वेळा डिस्कचीच तक्रार करत असतो.

रिसेट अगदी शेवटी

वरचं सगळं करूनही वाय-फाय कॅमेरा जोडला जात नसेल तरच रिसेट. त्याने वाय-फायचं नाव, पासवर्ड, हालचालींच्या सूचना सगळं पुसलं जातं. बऱ्याच कंपन्यांत कॅमेरा जुन्या खात्याशी बांधलेलाच राहतो, म्हणून ज्याच्या मोबाइलवरून पहिल्यांदा जोडला होता त्याच्या खात्याचा पासवर्ड आधी शोधा. परत जोडताना २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय निवडा, घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. राउटर बदलला असेल तर नव्या वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, कॅमेरे सहसा आपोआप जोडले जातात.

पुन्हा होऊ नये म्हणून

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या अडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असेल तर तो जास्तीत जास्त १२ वॅट घेणार, त्यामुळे लहान बॅटरीवरही दोन-तीन तास निघतात. घेण्याआधी तुमच्या राउटरचे व्होल्ट आणि पिनची जाडी मात्र बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर, रेकॉर्डर आणि कॅमेरे तिन्ही त्याच्यावर आहेत ना हे तपासा. कॅमेरे इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगला, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. काही इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असं बटण असतं, ते चालू ठेवा. लाइट जाताना होणारा क्षणाचा खंड त्याने खूप कमी होतो आणि कॅमेरे रिस्टार्ट होत नाहीत.

कॅमेरा स्मार्ट प्लगवर असेल तर लाइट आल्यावर तो प्लग आपोआप चालू होतो का, हे त्याच्या ॲपमध्ये बघा. काही प्लग लाइट आल्यावर बंदच राहतात. आणि विजांचं वादळ जवळ येण्याआधीच सगळ्यांचे प्लग काढा. बाहेरच्या कॅमेऱ्याच्या लांब केबलमधूनही झटका थेट रेकॉर्डरमध्ये येऊ शकतो. त्या तासाभराचं रेकॉर्डिंग गेलं तरी चालेल.

अण्णांच्या बोर्डावर मी आता कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्यात. राउटरच्या बटणावर १, एनव्हीआरच्या २, कॅमेऱ्यांच्या ३. आणि एका रविवारी दुपारी मुद्दाम एमसीबी पाडला. पाच मिनिटांनी अण्णांनी तो वर केला आणि बटणांना हात लावला नाही. मी मोबाइल डेटावर घड्याळ लावून बसलो. तीन कॅमेरे साडेचार मिनिटांत आपोआप आले. गोठ्याकडचा आला नाही. त्या एकाचाच आयपी राखून ठेवायचा राहिला होता.