कंटेंटसाठी सतत काही सुचत राहावं म्हणून स्वतःची पद्धत कशी बसवावी

लेख, व्हिडिओ, पॉडकास्ट, न्यूजलेटर यांपैकी काहीही नियमित करणाऱ्या माणसाला हमखास विचारतात, "एवढं सुचतं कुठून?" त्यावर फिरणारे सल्लेही ठरलेले: भरपूर वाचा, पहाटे उठा, ट्रेंडवर नजर ठेवा, छानशी वही घ्या. वाचायला हवंच, त्यात वाद नाही. पण भरपूर वाचूनही कोऱ्या पानासमोर बसून राहणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे माल असतो, त्यातून मुद्दा कसा काढायचा तेवढं कळत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एकाच पायरीवर खर्च केला आहे, बाकीच्या थोडक्यात उरकल्या आहेत.

तुम्ही कशाविषयी आणि कोणासाठी लिहिता किंवा बोलता, हे ठरलेलं आहे असं धरून चालते. ठरलं नसेल तर आधी ते ठरवा, मग इकडे या.

१. टिपणांची जागा एकच ठेवा

वही, नोट्स ॲप, स्वतःलाच पाठवलेले मेसेज, काहीही चालेल. दोन जागा मात्र नकोत. आणि दर महिन्याला नवं ॲप शोधत बसू नका, तो काम टाळण्याचाच एक प्रकार आहे.

२. टिपण पूर्ण वाक्यात करा

"झोप – यावर करायचं" अशी नोंद तीन आठवड्यांनी वाचली तर लिहिणाऱ्यालाही काही आठवत नाही. काय पाहिलं किंवा ऐकलं, ते लिहा आणि ते का टोचलं, तेही लिहा. आवडलेल्या गोष्टींपेक्षा खटकलेल्या गोष्टी जास्त कामाच्या असतात. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. स्वतःच्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब लिहून ठेवी, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गैरसोयीच्या गोष्टी मनातून लवकर निसटतात असा त्याचा अनुभव होता. ही सवय उचलण्यासारखी आहे. लोक तुम्हाला प्रश्न विचारतात तेही त्यांच्याच शब्दांत उतरवा. तुम्ही त्यांची भाषा शुद्ध केलीत की नेमकी अडचण पुसली जाते.

३. टिपणातून वाक्य काढा

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. टिपण झालं की त्यांना वाटतं विषय मिळाला, आता लिहायला बसू. विषय मिळून काहीही होत नाही. "वेळेचं नियोजन", "मुलांचं वाचन", "घरातली झाडं" हे सगळे विषय आहेत, आणि त्यांवर बसलं की दोन परिच्छेदांत हात थांबतो, कारण काय म्हणायचं आहे हे ठरलेलंच नसतं. या पायरीवर मीही बराच काळ रखडले होते. सुटका झाली ती एका साध्या नियमामुळे: जोवर एक पूर्ण विधान हातात येत नाही, तोवर मसुद्याला हात लावायचा नाही. विधान म्हणजे असं वाक्य, जे ऐकून कोणीतरी "छे, असं नसतं" म्हणू शकेल.

उदाहरण घेऊ. तुम्ही घरातल्या झाडांविषयी कंटेंट करता. वहीत टिपण आहे: "पानं मलूल झाली की लोक आधी पाणी घालतात." यावरून थेट "झाडांना पाणी किती द्यावं" असा लेख करायला गेलात, तर पाणी महत्त्वाचं, फार नको, कमीही नको, एवढंच निघेल. वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी टिपणाखाली एकामागून एक वाक्यं लिहीत जा.

झाडांना योग्य प्रमाणात पाणी द्यावं. (शिळं. पण लिहा, म्हणजे डोक्यातून जाईल.)

कुंडीतली पुष्कळ झाडं अतिपाण्यामुळे मरतात. (खरं आहे, पण शंभर जणांनी सांगून झालंय.)

माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत. (आता काहीतरी हलायला लागलं.)

म्हणजे अतिपाणी झालेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मलूल दिसतं, आणि पानं बघून पाणी घालणारा माणूस काळजीपोटीच त्याला मारतो.

हे चौथं वाक्य म्हणजे तुमची कल्पना. त्यात कारण आहे, माणूस आहे, आणि पुढे काय करायचं तेही आपोआप ठरतं: पानं बघू नका, मातीत बोट घालून बघा. शीर्षकासाठी वेगळं डोकं खाजवावं लागत नाही.

तिसरं आणि चौथं वाक्य आलं कुठून, ते बघा. तिसरं "असं का होतं?" या प्रश्नातून आलं. हा प्रश्न एकदा विचारून थांबू नका, उत्तर आलं की त्यालाही "का?" विचारा. चौथं आलं ते "यात कोण, नेमका कोणत्या क्षणी चुकतो?" या प्रश्नातून. विषयात माणूस आणून उभा केल्याशिवाय कल्पनेला धार येत नाही, असं माझं पक्कं मत आहे. याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न ठेवा. याच्या उलट कोण म्हणेल? कोणीच म्हणणार नसेल तर ते विधान नाही, सुविचार आहे, खोडा. आणि मला हे कसं माहीत? उत्तर "कुठेतरी वाचलं" असेल तर वाक्य ठेवा, पण आधी खातरजमा करा. स्वतः करून पाहिलं असेल तर तेच वाक्य सगळ्यांत आधी घ्या, कारण ते दुसऱ्या कोणाकडे त्याच रूपात नसणार.

एका टिपणावर पान भरेपर्यंत लिहा. सुरुवातीची वाक्यं सगळ्यांना सुचतात तीच असतात. तिथे थांबलात तर तुमचा कंटेंट सगळ्यांसारखा होणारच. मधे एक टप्पा येतो, जिथे आता काहीच उरलं नाही असं वाटतं. तिथे उठू नका. कामाचं वाक्य बहुतेक वेळा त्या रिकामेपणाच्या पलीकडे सापडतं.

लिहिताना खोडायचं नाही. ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे एकत्र बसून सुचतील तेवढ्या कल्पना काढत जाणं, लोकप्रिय केलं, त्याचाही हाच आग्रह होता की टीका नंतर. एवढं त्याचं घ्या. पण त्याने लोकांना एका टेबलाभोवती बसवलं, ते मात्र घेऊ नका. १९५८ साली येल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चौघांनी एकत्र बसून दिलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं एक मोठं कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात त्यांचं सुचणं खुंटतं. तुम्ही टीममध्ये काम करत असाल तर आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावं, मग कागद समोर ठेवून बोलावं. "चला, सगळे मिळून विचार करू" म्हणून बोलावलेल्या मीटिंगमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजाची कल्पना जिंकते.

काही गोष्टींपासून सांभाळा. वाक्यं काढायला बसता त्या बैठकीत दुसऱ्यांचा कंटेंट उघडायचा नाही, नाहीतर त्यांचंच वाक्य तुमचं वाटू लागतं. एआयकडून "पन्नास विषय सुचव" अशी यादी मागवायची नाही. यादी मिळते, पण तीच इतरांनाही मिळते, आणि ती विषयांचीच असते, विधानांची नाही. तुमचं विधान तयार झाल्यावर "याच्या विरोधात बोल" असं त्याला जरूर सांगा, तिथे ते उपयोगी पडतं. आणि प्रकाशनाच्या दिवशी ही बैठक कधीच ठेवू नका. डेडलाईन उशाशी असली की पहिलंच वाक्य सुंदर दिसायला लागतं. आठवड्यातला एक ठरावीक अर्धा तास पुरतो.

४. बाजूला ठेवा

निवडलेलं वाक्य एक-दोन दिवस तसंच पडू द्या. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, स्फुरणं आणि पडताळणी. लोकांना तिसऱ्याचं प्रेम फार. पण आधी काही घातलंच नसेल तर मुरणार काय?

चालायला जाणं चांगलंच. स्टॅनफर्डमधल्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त नव्या कल्पना सुचल्या. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून वाक्यं अडली की चाला, त्यांतून एक निवडायचं असेल तर बसा.

५. एका माणसाला सांगा

तुमच्या क्षेत्रातला नसलेला कोणीही चालेल. फक्त ते वाक्य सांगा, प्रस्तावना नको. समोरच्याने "छान आहे" म्हटलं तर वाक्य परत तिसऱ्या पायरीवर. "म्हणजे कसं?" किंवा "पण मग..." असं काही आलं तर लिहायला घ्या, आणि त्याचा तो प्रश्नच पहिल्या परिच्छेदात वापरा.

६. छाटणी

वापरलेल्या टिपणापुढे तारीख टाका. लागोपाठ तीन बैठकांत ज्याच्याकडे बघून काहीच वाटलं नाही, ते टिपण काढून टाका. "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून साठवलेली शेकडो टिपणं वहीचा अडगळीचा माळा करतात आणि ती उघडायचाच कंटाळा येतो.

प्रकाशित झाल्यावर कौतुक येईल, ते वाचा आणि सोडून द्या. "पण माझ्याकडे तर नेमकं उलट झालं" असं कोणी कळवलं तर ते शब्द न बदलता वहीत उतरवा, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांत आधी तेच घ्या.