खाडीतला मोठा जिताडा ठेवावा की सोडावा: कोकणात नव्याने स्थायिक होणाऱ्या गरवणाऱ्यांसाठी

देशावरून, मुंबईहून किंवा परदेशातून येऊन कोकण किनाऱ्यावर घर करणाऱ्यांमध्ये गरवण्याचा छंद असलेली माणसे आता बरीच दिसतात, आणि त्यांच्याकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे गळाला खरोखर मोठा मासा लागला तर त्याचे काय करावे. मीही घाटावरून येऊन इथे रुजलेला माणूस आहे. इथल्या कोळी शेजाऱ्यांकडून जे ऐकले आणि माशांच्या शास्त्राने जे सिद्ध केले आहे, ते दोन्ही समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहीत आहे.

नव्याने येणाऱ्यांपैकी अनेकांनी हा छंद ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर जोपासलेला असतो. कोणी हिमाचलातील तीर्थन नदीवर परवाना काढून गळ टाकलेला असतो, तर कोणी न्यूझीलंडमध्ये काही वर्षे काढून परतलेला असतो. मोठा ट्राउट मोजावा, छायाचित्र घ्यावे आणि सोडून द्यावा, हा शिरस्ता त्यांच्या हाडीमासी भिनलेला असतो. शिरस्ता चांगला आहे, परंतु त्यामागची कारणे थंड पाण्यातली आहेत. ट्राउटला गार आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले की त्याचे हाल सुरू होतात, त्यामुळे कोकणच्या खाड्यांत तो जगणेच शक्य नाही. शिवाय न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे, पकडलेला मासा खाणे, कोणाला देणे किंवा सोडणे एवढेच मार्ग तिथे उरतात. आपल्याकडे त्याच आकाराच्या माशाला बाजारात चांगली किंमत येते, आणि धक्क्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पोट त्या किमतीवर चालते. तेव्हा तिकडचा नियम जसाच्या तसा इकडे आणू नये. इथल्या माशाचे चरित्र समजून घेऊन मगच ठरवावे.

खाडीत मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा जिताडा. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ अशा खाड्यांत तो आढळतो, आणि रायगडच्या खारपट्ट्यात तर त्याचे स्थान इतके वरचे आहे की पाहुणा किती मोलाचा आहे हे ताटातल्या जिताड्यावरून ओळखावे. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे त्याची मादी होते. भारतीय पाण्यात साधारणपणे दोन-तीन किलोपर्यंतचे पक्व मासे प्रामुख्याने नर आणि पाच किलोच्या पुढचे बहुतांश माद्या असतात. ट्राउटमध्ये असे लिंगपरिवर्तन होत नाही. मोठा ट्राउट नर असू शकतो किंवा मादी. मोठा जिताडा मात्र जवळजवळ नेहमीच मादी असतो, आणि मादी जितकी मोठी तितकी अंड्यांची संख्या भरमसाट वाढत जाते. मोठ्या मादीच्या बाबतीत हा हिशेब लाखांवर न थांबता कोटींत जातो. अशी मादी घरी नेणे म्हणजे अनेक वर्षे जगून, जाळी चुकवून जननाच्या वयाला पोहोचलेला मासा नेमका त्याच वेळी खाडीतून काढणे होय.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. साधारण ५५ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा सोडावा, कारण त्याला अजून वाढायचे आहे. ५५ ते ८० सेंटिमीटरमधला, घरात खाणारी माणसे असतील तर, एक ठेवावा. आणि त्यापुढचा, म्हणजे ढोबळमानाने सहा किलोच्या वरचा, सोडावा. हे आकडे सरकारी नाहीत, माझे आहेत. परंतु अशा दुहेरी मर्यादेची कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र किमान आकारमानाचा नियम पिल्लांना वाचवतो, मोठ्या माद्यांना वाचवत नाही. ते काम गरवणाऱ्याच्या स्वतःच्या विवेकावर राहते, आणि हा विवेक गळ टाकण्यापूर्वीच वापरलेला बरा. मासा हातात तडफडत असताना आणि सोबतचे लोक ओरडत असताना माणूस निर्णय घेत नाही, वाहवत जातो.

ऋतूचाही विचार करावा. जिताडा गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात यावे लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर हा काळ पावसाळ्याच्या आसपास येतो. यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते, तिच्यामागेही प्रजननाचा हाच विचार आहे. काठावरून गळ टाकणारा माणूस म्हणजे यांत्रिक नौका नव्हे, हे खरे. तरीही होड्या शाकारून ठेवलेल्या असताना आपण मुखाशी उभे राहून पोटात गाभोळी असलेल्या माद्या ओढाव्यात, हे मला तरी शोभणारे वाटत नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्यावा. पेण आणि अलिबाग परिसरात भातशेतीलगतच्या तळ्यांत जिताड्याची पिल्ले सोडून वाढवण्याची जुनी पद्धत आहे. अशा तळ्यातला मोठा जिताडा खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून तिथे तो अंडी घालत नाही. त्याला सोडल्याने पुढची पिढी येणार नाही, उलट तळ्यातले बाकीचे मासे तो फस्त करील. असा मासा मालकाच्या परवानगीने पकडला असेल तर निःशंक मनाने खावा. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीपाशी (पाणी बाहेर सोडण्याच्या दारापाशी), जिथे सुकतीच्या (ओहोटीच्या) पाण्याबरोबर कोळंबी आणि बोय बाहेर पडतात आणि त्यांच्यावर टपून जिताडा उभा असतो, तिथे बाहेरच्या बाजूचा मासा खाडीचा असतो आणि त्याला वरचाच नियम लागू होतो. मासा तोच असला तरी बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे निर्णय बदलतो, हे नवख्या माणसाला विचित्र वाटते. परंतु सोडण्याचा हेतू प्रजनन हा असेल तर दुसरे उत्तर निघत नाही.

आता सोडण्याच्या पद्धतीविषयी, कारण सोडलेला मासा तासाभराने उलटा तरंगणार असेल तर त्या सोडण्याला अर्थ नाही. आपल्या खाडीचे पाणी उबदार असते, आणि उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बारीक दोरीवर माशाला दीर्घकाळ दमवण्यात जे कौशल्य मिरवले जाते, ते त्याच्या जिवावर बेतते. मोठ्या माशांच्या जागी मजबूत दोरी वापरून त्याला लवकर काठाशी आणावे. जिवंत आमिष लावत असाल तर सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापरावा, कारण तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि घशात उतरण्याची शक्यता कमी होते. बार्ब, म्हणजे गळाच्या टोकामागची उलटी अणी, पकडीने दाबून बसवला तर गळ सहज सुटतो. हूक खोल गिळला गेलाच असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. कल्ल्यांतून रक्ताची धार लागली असेल तर मासा जगण्याची आशा थोडी असते. असा मासा कितीही मोठा असला तरी घरी न्यावा, आणि आपण नियम मोडला असे मानू नये.

माशाला शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये. काढायचे झाल्यास हात ओले करावेत, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि एक हात जबड्याशी व दुसरा पोटाखाली घालून त्याला आडवे धरावे. दहा किलोचा मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याच्या स्वतःच्याच वजनाने त्याला इजा होते, आणि फेसबुकवर दिसणारी बहुतेक छायाचित्रे नेमकी अशीच असतात. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, त्यामुळे तिथे बोटे घालू नयेत; हा सल्ला माशापेक्षा आपल्यासाठी अधिक आहे. लांबी आणि पोटाचा घेर मोजून घेतला की वजनाचा अंदाज बांधता येतो, काट्याला टांगण्याची गरज पडत नाही. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि त्याने स्वतः शेपटीचा जोर लावल्यावरच हात काढावा.

खोल समुद्रातल्या खडकावरून वर आणलेल्या हेकरूचे (ग्रुपरचे) प्रकरण वेगळे आहे. दाब एकाएकी कमी झाल्याने त्याची हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येते, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला असा मासा खाली जाऊ शकत नाही. तिथे सोडण्याच्या गप्पा न मारता, पुरेसे मासे मिळाले की ती जागाच सोडावी. करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे त्याच्याबाबत निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. तो चुकून लागला तर सोडलाच पाहिजे. नद्यांच्या वरच्या अंगाला खडस (महसीर) मिळतो, आणि गळाशी झुंजणारा मासा म्हणून ट्राउटच्या चाहत्यांना तोच अधिक भावतो. परंतु महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यातील वैतरणेवरचे तिळसे इथले खडस देवाचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. तिथे पकडून सोडण्यासाठीसुद्धा गळ टाकू नये.

शेवटी माणसांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आपण मोठा जिताडा सोडतो तेव्हा शेजारचा कोळी दादा आपल्याकडे वेड्यासारखे पाहतो, आणि त्याच्या बाजूने पाहता ते योग्यच आहे, कारण त्या एका माशात त्याचा आठवड्याचा बाजार निघाला असता. त्याला अंड्यांचा हिशेब सांगत बसू नये, आणि त्याने तसाच मासा ठेवला तर नाक मुरडू नये. त्याचा तो धंदा आहे, आपला छंद आहे. याच न्यायाने आपण ठेवलेला मासा विकूही नये. पेन्शन किंवा पगार घेणाऱ्याने बाजारात जिताडा आणून भाव पाडणे गावाला रुचत नाही, आणि कोणी तोंडावर बोलले नाही तरी ते लक्षात राहते. ज्याच्या होडीतून गेलो किंवा ज्याच्या बांधावर बसलो, त्याच्या घरी आधी वाटा पोहोचवावा. केवळ जिताडा खायची इच्छा असेल, तर चेन्नईच्या केंद्रीय मचूळ पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे प्रजनन साध्य केल्यापासून संवर्धित मासा उपलब्ध होऊ लागला आहे. तो विकत घ्यावा आणि खाडीतल्या मोठ्या मादीकडे भुकेच्या नजरेने पाहू नये.

ठेवायचे ठरले तर मासा पिशवीत तडफडत ठेवू नये. तत्काळ मारून, रक्त काढून बर्फात घालावा. घरी पोट साफ करताना गाभोळी निघाली तर महिना, जागा आणि माशाची लांबी वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्या महिन्यात त्या जागेसाठी आपली वरची मर्यादा खाली आणावी.