अपंगत्वामुळे काम करता येत नसेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा फॉर्म कसा भरायचा

माझ्या मोठ्या भावाचा पाय गेला तेव्हा आम्ही आधी सरळ तहसीलला गेलो आणि हात हलवत परत आलो, तुम्ही असं करू नका, आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरूनच अर्ज होतो, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी, आणि अपंगत्वाची टक्केवारी ४० किंवा त्याच्या वर आली पाहिजे, सगळं त्यावरच अडतं. तपासणीला जाताना जुने एक्सरे, डिस्चार्ज कार्ड सगळं पिशवीत घ्या आणि डॉक्टरांना काय जमत नाही ते स्पष्ट सांगा, आपली माणसं लाजेखातर "चालतंय" म्हणतात तसं नका म्हणू प्लीज.

मग उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. सोबत आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, वय १८ ते ६५. अर्ज सेतूतून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठूच नका, आमची पहिली फाईल सापडलीच नव्हती आणि हातात पोच नव्हती, भाऊ त्या लाकडी बाकावर कुबड्या मांडीवर घेऊन तासभर बसून होता.

पैसे डीबीटीने, म्हणजे थेट बँक खात्यात येतात म्हणून बँकेत जाऊन आधार लिंक आहे का नक्की बघा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर चालू असलेलं अनुदानही बंद पडतं.